विजयकुमारचं तोंड आणि माझ्या घामोळ्या

उन्हाळ्यात कुणी कुणाच्या तोंडाकडे निरखून पाहू नये, असा एक नियम सरकारनं करायला हवा. एवढे नियम केलेत, त्यात आणखी एकाची भर पडली म्हणून काही बिघडणार नाही. भिलाईत तर हा नियम चैत्रापासून मृगापर्यंत कडक पाळला पाहिजे. इथं झाड नाही, सावली नाही. जिकडे पाहावं तिकडे खणून ठेवलेला लाल मुरूम, ट्रकांनी उडवलेली धूळ आणि वर पेटलेलं आभाळ. कारखान्यातली पहिली भट्टी पेटली तेव्हा सगळीकडे पेढे वाटले. कॅम्प-एकमधल्या आमच्या पत्र्याच्या क्वार्टरात ती आधीपासूनच पेटलेली होती, पण तिचे पेढे कुणी वाटले नाहीत.

माझं नाव गुलाबराव. आईवडिलांनी हे नाव ठेवलं तेव्हा त्यांना माझ्या उन्हाळ्यांची कल्पना नसावी. होळी झाली की माझ्या मानेवर पहिली घामोळी उगवते आणि रामनवमीपर्यंत ती सहकुटुंब सहपरिवार तोंडावर राहायला येते. कपाळ, गाल, हनुवटी सगळं लाल होतं. मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये क्लार्क. तिथले लोक म्हणतात, "गुलाब फुलला." मी हसतो. हसलं की गाल चुरचुरतात, म्हणून थोडंच हसतो.

तरीही माझी काही तक्रार नव्हती. रोज संध्याकाळी बायको सहाणेवर चंदन उगाळून लावायची, तेवढं पुरत होतं. माणसाला स्वतःच्या घामोळ्यांची सवय होते. शेजाऱ्याला त्या येत नाहीत हे कळलं की मग खरी खाज सुटते.

हा शेजारी म्हणजे विजयकुमार. वर्ध्याकडचा, कारखान्यात ड्राफ्ट्समन. नव्या भट्टीच्या आत विटांचं बांधकाम नकाशाप्रमाणे होतंय की नाही हे पाहायचं त्याचं काम. म्हणजे दिवसभर ऊन, धूळ आणि भट्टी. आणि संध्याकाळी हा गृहस्थ सायकलवरून उतरायचा तो असा, की आत्ताच आंघोळ करून देवळात निघालाय. गोरापान, गुळगुळीत. त्याची बायको, तारा, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेलेली होती. बायको माहेरी गेलेल्या माणसानं थोडं तरी सुकलेलं दिसावं की नाही? हा टवटवीत.

हे सगळं मी स्वतःहून पाहिलं नव्हतं. मला दाखवलं माझ्या बायकोनं.

"पाहा बरं," कमला एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "विजयभाऊजीच्या तोंडावर एक पुटकुळी नाही. भट्टीत काम करते बिचारा, अन् तोंड कसं लोण्यावानी."

"मी काय मजा मारून राहिलो का कारखान्यात?" मी म्हटलं.

"तुमी स्टोअरमंदी बसता. सावलीत."

आता सावलीत बसणं हा गुन्हा झाला. मी पुढची भाकरी ताटात घेतली. पण त्या दिवसापासून विजयकुमार आमच्या जेवणात येऊन बसला. पन्हं केलं की, "विजयभाऊजीले एक गिलास देऊन या." वाळा घातलेल्या माठातलं पाणी काढलं की, "एकटा माणूस, त्याच्या घरी माठ कोण भरते?" मी पन्ह्याचा गिलास घेऊन जायचो, तो दार उघडायचा, आणि ते लोण्यासारखं तोंड माझ्या चुरचुरणाऱ्या तोंडाला म्हणायचं, "वा, गुलाबराव! वहिनींना सांगा, फार छान झालंय." पन्हं कैऱ्या आणण्यापासून गाळण्यापर्यंत मी केलेलं असायचं.

तरीही मी सहन केलं असतं. पण मधे मीनलचं लग्न आलं.

मीनल ही कमलाची धाकटी बहीण. लग्न वैशाखात, दुर्गला. सासरे रेल्वेत गार्ड, त्यांना मुलगा नाही, मोठा जावई मी. वरात आली की मांडवाच्या दारात गुलाबदाणी घेऊन उभं राहायचं, येणाऱ्या प्रत्येकावर गुलाबपाणी शिंपडायचं आणि हात जोडून आत घ्यायचं, हा मान माझा. मला आयुष्यात फारसे मान मिळालेले नाहीत. स्टोअरमध्ये माझ्या खुर्चीलाही एक हात कमी आहे. त्यामुळे या मानासाठी मी चांपाहून कोशाचं रेशमी कापड मागवून कोट शिवला होता आणि तो घालून आरशापुढे हात जोडायचा सरावही केला होता.

अशात एका संध्याकाळी कमला म्हणाली, "मी काय म्हणते, लग्नात दारावर विजयभाऊजीले उभं केलं तं? ते येऊनच राहिले लग्नाले. तुमचं तोंड हे असं झालं हाय. तुमी आतलं पाहा, म्हणजे..."

त्या 'म्हणजे'च्या पुढे काय होतं ते मी ऐकून घेतलं नाही. स्वाभिमानी माणसानं काही वाक्यं अर्ध्यावरच तोडायची असतात. मी ताटावरून उठलो.

"दारावर मीच उभा राहीन. अन् त्या विजयकुमारपेक्षा चांगलं तोंड घेऊन उभा राहीन!"

"बाप्पा! एवढं कावून चिडता? तोंड बरं झालं तं तुमीच उभे राहा, मी कुठं नाही म्हणते? जेवा आधी."

जेवलो. पण तोंड बरं करायचं हे ठरलं, आणि कॅम्प-एकमध्ये एखाद्या माणसानं काही ठरवलं की ते पाण्याच्या नळावर आधी कळतं.

सगळ्यात आधी सिंधुताई आल्या. या समोरच्या क्वार्टरात राहतात. त्यांचे यजमान दुर्गच्या रेल्वे यार्डात शंटर. सिंधुताईंचं ज्ञान मोठं आहे आणि आवाज त्याहून मोठा आहे.

"गुलाबभाऊ, टरबुजाचं साल चोळा तोंडाले," त्या आमच्या ओट्यावरून सांगू लागल्या. त्यांच्या आवाजामुळे शेजारच्या लायनीलाही उपाय कळला. "शिवनाथ नदीच्या रेतीतलं टरबूज आणा. गर खाऊन घ्या, अन् साल चोळून सावलीत पडून राहा. माह्या भाच्याच्या तोंडाचा पार तवा झाला होता, आता पाहा."

भाचा नांदगावला असल्यामुळे पाहता आला नाही, पण मी विश्वास ठेवला. रविवारी टरबूज आणलं. सालाचा रस तोंडाला चोळला आणि ओट्यावर बाज टाकून पडलो. इतकं गार वाटलं की डोळा लागला. जाग आली ती मुंग्यांनी. भिलाईतल्या लाल मुंग्याही माझ्यासारख्याच सावली आणि ओल शोधत हिंडत असतात. त्यांना दोन्ही माझ्या तोंडावर मिळालं होतं. मी ओरडत नळाकडे धावलो, तर तिथं रांग. बायकांनी मला रांगेत पुढं घेतलं, हे त्यांचे उपकार. पण रांगेच्या शेवटी बादली घेऊन विजयकुमार उभा होता आणि तो म्हणाला, "अरे अरे, गुलाबराव, काय झालं?" मुंग्यांपेक्षा ते जास्त चावलं.

"धुऊन टाका, हेई मीच सांगाचं का?" सिंधुताई म्हणाल्या. "थे तं कोणालेही समजते."

मग शामकाका आले. हे माझ्या वडिलांचे रेल्वेतले जुने स्नेही, आता रिटायर होऊन मुलाकडे राहतात. शामकाकांच्या मते जगातले सगळे रोग पोटात असतात आणि तोंडावर फक्त त्यांची पाटी लागते.

"गुलाब, वरून चोळून काय होते? आतून थंड कर," ते म्हणाले. "इथले लोक पाहा. बासी खातात. रात्रीचा भात पाण्यात टाकायचा, सकाळी मीठ अन् कांदा घेऊन खायचा. कोणाच्या अंगावर पुटकुळी दिसते का सांग."

मला पटलं. खरंच, आमच्या स्टोअरमधली छत्तीसगढी माणसं दिवसभर पोती उचलतात आणि त्यांचं अंग तुकतुकीत असतं. मी बासी सुरू केली. चवीला उत्तम. माझ्यावर तिचा परिणाम असा झाला की दुपारी मी स्टोअरमध्ये रिकाम्या पोत्यांच्या ढिगावर गाढ झोपलो. ती माणसं बासी खाऊन पोती उचलतात आणि मी ती खाऊन पोत्यांवर पडतो, हा फरक शामकाकांनी सांगितला नव्हता.

मला उठवलं ते आमच्या साहेबांनी. साहेब मद्रासकडचे, अत्यंत शिस्तीचे. झोपल्याबद्दल ते बोलणारच होते, पण माझं तोंड पाहून दोन पावलं मागं सरले. मुंग्या आणि घामोळ्या मिळून जे झालं होतं ते पाहून त्यांना वाटलं, मला देवी आल्या. त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि मला लांबूनच दवाखान्याची दिशा दाखवली. तोवर कुणीतरी माझी खुर्ची उन्हात नेऊन ठेवली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाहिलं आणि हसून म्हणाले, देवी वगैरे काही नाही, घामोळ्या आहेत, घरी जा. पण मला घरी जायचं नव्हतं, कामावर जायचं होतं आणि साहेब दाखल्याशिवाय आत घेईनात. डॉक्टर म्हणाले, रोगाचा दाखला देता येतो, रोग नसल्याचा देता येत नाही. साहेब म्हणाले, मला रोग नसल्याचाच हवा. शेवटी डॉक्टरांनी 'सदर इसमाच्या तोंडावर केवळ घामोळ्या आहेत' असं इंग्रजीत लिहून दिलं आणि गोल शिक्का मारला. घामोळ्यांचा सरकारी दाखला असलेला माणूस उभ्या भिलाईत मी एकटाच. साहेबांनी तो टाचणीनं भिंतीवर लावला, कामगारांची खात्री पटावी म्हणून.

मी तो दाखला पाहत बसलो होतो आणि मनात एकच विचार चालू होता. हा विजयकुमार तोंडाला लावतो तरी काय?

मी त्याला सरळ विचारून पाहिलं होतं. "काही नाही हो, गार पाण्यानं धुतो," असं म्हणाला होता. यावर विश्वास ठेवायला मी काही कालचा मुलगा नव्हतो. गार पाणी भिलाईत मेमध्ये कुणाच्या नळाला येतं? माणूस लपवतोय, एवढं कळलं. आता सुंदर माणसं आपली गुपितं सांगत नाहीत, हेही मला मान्य आहे. पण माझ्या कैऱ्यांचं पन्हं पिऊन लपवावं, हे मला लागलं. मी त्याच्यावर पाळत ठेवली. सकाळी तो सायकल काढायचा तेव्हा मी दात घासत ओट्यावर उभा. संध्याकाळी परत यायचा तेव्हा मी पुन्हा ओट्यावर.

"दिवसातून कितीदा दात घासून राहिले तुमी?" कमलानं विचारलं.

आणि मग मला ते दिसलं. संध्याकाळी तो आला तेव्हा त्याच्या कानामागं राखाडी रंगाचा एक पट्टा वाळून राहिला होता. दुसऱ्या दिवशी गळ्यापाशी. तिसऱ्या दिवशी पुन्हा कानामागं. घाईघाईत लेप धुतला की तो नेमका कानामागं राहतो. आणि तो राखाडी रंग मी झोपेतही ओळखला असता. मी त्याच मालाचा क्लार्क होतो.

तो फायर क्ले होता. भट्टीच्या विटा जोडायची माती.

हे कळलं तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा माल आमच्याकडे पोत्यांनी येतो. तो भट्टीत विटांच्या सांध्यात भरतात. आत लोखंडाचं पाणी होत असतं, पण या मातीला काही होत नाही. जी माती पातळ लोखंडाची आग अडवते तिच्यापुढे भिलाईच्या उन्हाची काय मातब्बरी! विजयकुमार दिवसभर त्या मातीत वावरतो. त्याला हे सुचणारच. ड्राफ्ट्समनचं डोकं. आणि मी तिच्या पोत्यांना टेकून बसतो, पण मला सुचलं नाही, याचाच मला जास्त राग आला.

कारखान्याचा माल घरी नेणं माझ्या तत्त्वात बसत नाही. तेव्हा मी ठरवलं, लेप आतच लावायचा, आतच धुवायचा आणि गुण तेवढा बाहेर न्यायचा. यात सरकारचं काही जात नव्हतं. दुपारच्या सुट्टीत एका फाटक्या पोत्यातून सांडलेली माती मी डबीत घेतली, नळाच्या पाण्यात कालवली, शेडमागं गेलो आणि तोंडभर चोपडली. कानामागंही लावली, कारण विजयकुमार तिथंही लावत असे.

काय गार वाटलं म्हणून सांगू! घामोळ्या एकदम शांत झाल्या. डोळे मिटले आणि मांडवाच्या दारात उभा असलेला मीच मला दिसलो. कोशाचा कोट, हातात गुलाबदाणी, तोंड लोण्यासारखं. वऱ्हाडातल्या बायका एकमेकींना विचारताहेत, हे कोण हो? आणि विजयकुमार आत केळीची पानं पुसतोय.

गारवा संपला आणि तोंड ओढल्यासारखं वाटू लागलं, तसा मी नळावर गेलो. नळ उघडला तर त्यानं नुसता श्वास सोडला. पाणी गेलं होतं. माठाकडे धावलो, तर माठ माझ्या त्या देवींच्या प्रकरणानंतर साहेबांनी आपल्या खोलीत नेला होता, आणि आत साहेब होते. मी दुसऱ्या नळाकडे निघालो. ऊन मी म्हणत होतं. चालता चालता लक्षात आलं की माझं तोंड उघडत नाहीये. मग आठवलं. त्या पोत्यांवर लिहिलेलं असतं, हवेवर घट्ट होणारा माल. ते वाक्य मी रोज स्वतः उतरवून घेतो.

वाटेत एक रशियन तज्ज्ञ भेटला. हे लोक मनानं फार दिलदार. तो थबकला, माझ्या तोंडाकडे बारकाईनं पाहिलं, बोटाच्या पेरानं माझ्या गालावर टकटक केलं, आवाज ऐकला आणि म्हणाला, "खराशो!" म्हणजे छान. सांधा पक्का बसला होता.

दुसऱ्या नळालाही पाणी नव्हतं. मी हाफ-डेची चिठ्ठी साहेबांच्या टेबलावर खिडकीतून टाकली आणि घरी जाण्यासाठी गेट गाठलं. गेटवरचा शिपाई मिशाळ आणि कर्तव्यदक्ष होता. त्यानं आडवा दांडा खाली घेतला.

"बाबूजी, ये क्या माल है?"

मी ओठांच्या फटीतून म्हटलं, "ये मेरा मुँह है."

"मुँह आपका है. मिट्टी कारखाने की है. गेट पास दिखाइए."

मी हातांनी समजावलं. त्यानं हातांनी समजावलं. मग तो मला आत चौकीत घेऊन गेला, तिथल्या बाबूनं गेट पासचं पुस्तक उघडलं आणि मला विचारलं, माल किती? वजन करता येईल का? मी मान हलवली. मग म्हणाला, माल परत येणार आहे की नाही? परत येणारा असेल तर पासाचा रंग वेगळा, न येणारा असेल तर वेगळा. मी सव्वा तास तिथं बसून या प्रश्नाचा विचार केला असेन. इतका वेळ सरकारी कचेरीत बसूनही मला कुणी 'बोला' म्हणालं नाही, कारण मी बोलू शकत नाही हे त्यांना कळलं होतं. जाणारे-येणारे कामगार मात्र खिडकीपाशी थांबून जात होते.

आणि मग मला सायकलची ओळखीची घंटी ऐकू आली.

विजयकुमार आत आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, बाबूकडे पाहिलं. "ये माल बाहर नहीं जा रहा," तो शांतपणे म्हणाला. "भट्टी पर वापस जा रहा है. मैं ले जाता हूँ." आणि मला सायकलच्या दांड्यावर बसवून परत आत घेऊन गेला. शिपायानं दांडा वर केला आणि सलाम ठोकला. सलाम विजयकुमारला होता.

भट्टीपाशी त्यानं ओलं गोणपाट माझ्या तोंडाभोवती गुंडाळलं, मिस्त्री लोक नव्या बांधकामाला गुंडाळतात तसं. मग एक एक खपली बोटांनी सोडवत बसला. हळू, जराही न दुखवता. हसला नाही. एकदाही हसला नाही. हसला असता तर मला फार बरं वाटलं असतं.

तोंड मोकळं झाल्यावर मी पहिलं वाक्य बोललो ते असं, "तुम्ही कशी धुता मग ही?"

"काय?"

"फायर क्ले. कानामागची."

त्यानं कानामागं हात लावला, बोटं पाहिली. "ही होय? भट्टीत वाकून सांधे पाहावे लागतात हो, लागते कुठंतरी. एकट्यानं राहिलं की कानामागं कोण पाहतं? तारा असती तर तिनं सांगितलं असतं." मग म्हणाला, "गुलाबराव, तुम्ही ती मुद्दाम लावली?"

काही प्रश्नांची उत्तरं द्यायला गाल शाबूत असावे लागतात.

माझे गाल मात्र शाबूत नव्हते. घामोळ्यांवरची कातडीच मातीबरोबर निघाली होती. कमलानं पाहिलं आणि तिच्या हातातली परात खाली पडली. रागावली, रडली, गार दुधाची साय लावली आणि म्हणाली, "आता तं पक्कं झालं. दारावर विजयभाऊजीच उभे राहातील. तुमी आत बसान. एक शब्द बोलू नका."

बोलण्यासारखं तोंडच राहिलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी दुर्गला पोचल्याबरोबर कमलानं मला घराच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत नेलं. तिथं रायपूरहून मागवलेल्या बर्फाच्या लाद्या भुशात आणि पोत्यांत ठेवल्या होत्या, शेजारी शरबताची पिंपं. "इथं बसा," ती म्हणाली, "कोणी मागतलं तं बर्फ फोडून द्या. बाहेर येऊ नका." आणि माझा कोशाचा कोट तिनं खुंटीवरून काढून नेला.

मला वाटलं, कुठं नेला असेल? खोलीला एक छोटी खिडकी होती. तिच्यातून मांडवाचं दार दिसायचं. थोड्या वेळानं तिथं विजयकुमार येऊन उभा राहिला. हातात गुलाबदाणी. अंगात माझा कोट. आणि सांगायला मला आजही त्रास होतो, तो कोट त्याला माझ्यापेक्षा चांगला बसला होता.

वरात पॅसेंजरनं येणार होती आणि पॅसेंजर लेट होती. सासरे गार्ड असल्यामुळे ती किती लेट आहे हे ते अधूनमधून अभिमानानं सांगत होते. विजयकुमार दारातच उभा. ऊन थेट मांडवाच्या दारावर. मी बर्फाशेजारी बसून त्याच्याकडे पाहत जळत होतो. मीनलच्या मैत्रिणी त्याच्यापाशी जाऊन हसून बोलत होत्या. सासूबाई स्वतः त्याला पाणी देऊन आल्या. कुणीतरी म्हणालं, "मोठे जावई का हे? किती देखणे!" हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आणि हातातला हातोडा बर्फावर असा घातला की अख्खी लादी फुटली.

वरात आली. त्यानं गुलाबपाणी शिंपडलं, हात जोडले. सगळं अगदी मी आरशापुढे करायचो तसं, फक्त बरं.

सगळे आत गेल्यावर तो माझ्या खोलीत आला. दार लोटलं आणि माझा कोट असा उतरवला, की जणू तो निखाऱ्यांचा होता. मग सदरा काढला आणि पाठ वळवली. "गुलाबराव, रागावू नका, पण जरा बर्फ फिरवता का? सहन होत नाहीये."

मी पाहिलं. त्याच्या पाठीवर बोट टेकवायला जागा नव्हती. घामोळ्या, त्यांच्यावर घामोळ्या, काही फुटलेल्या, काही चिघळलेल्या. सगळा उन्हाळा तोंडावर यायचा सोडून तिथं येऊन बसला होता.

"हे... केव्हापासून?" मी विचारलं.

"चैत्रापासून. आज कोटानं जास्त झालं." तो भिंतीला हात टेकून उभा होता. "तोंड काय हो, तोंड कुणीही धुतो. पाठीवर आपला हात पोचत नाही. तारा चंदन लावायची. तुमचं बरं आहे, वहिनी घरी आहेत. रोज संध्याकाळी तुमच्या घरून सहाणेचा आवाज येतो, तेव्हा मला, खरं सांगू का, तुमचा हेवा वाटतो."

त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मांडवाच्या दारात उभं राहूनही झाला नसता. माझा हेवा! माझा! मी त्याला तसाच उभा ठेवून कमलाला शोधायला पळालो. ती चुलाण्यापाशी होती. मी तिला बाजूला ओढून सगळं सांगितलं. "पाहा तुझे विजयभाऊजी! पाठ पाहा त्याची! लोणी म्हणे!"

कमलाचा चेहरा उतरला. "अगं बाई," ती म्हणाली. "मीच त्याले उन्हात उभं केलं."

"कावून केलं? माह्या तोंडाची लाज वाटली म्हणूनच ना?"

तिनं हातातली पळी खाली ठेवली. "बह्याड आहा का तुमी? त्या दाराले दिवसभर ऊन असते. तुमच्या सोललेल्या तोंडावर घाम आला असता तं तडफडले असते. मी त्या दिवशी हेच सांगून राहिली होती, तं ताटावरून उठले. घरात थंड खोली एकच. माय म्हणे, तिथं बाबाले बसवू. मी म्हटलं, नाही, यायले बसवू. कोणाची लाज अन् काय!"

मी गालाला हात लावून पाहिला. दिवसभर बर्फाशेजारी बसून तो गार होता. खाज कधीच थांबली होती आणि ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. ती पदरानं माझ्या कपाळावरचा भुसा पुसत होती.

"आता असे उभे राहू नका," ती म्हणाली. "तो बिचारा माह्यापायी भाजला. मी काही त्याच्या पाठीले हात लावू शकत नाही. तुमीच लावा. आज लावा, अन् भिलाईले गेल्यावर ताराबाई येईस्तोवर रोज लावा."

तेव्हापासून रोज संध्याकाळी हे चाललं आहे. कमला सहाणेवर चंदन उगाळते, वाटी माझ्या हातात देते आणि मी विजयकुमारच्या क्वार्टरात जातो. तो पालथा पडतो, मी लावतो. माझी स्वतःची घामोळी तशीच चुरचुरत असते. सिंधुताई ओट्यावरून सल्ले देतात, शामकाका म्हणतात की पाठीचा रोगही पोटातच असतो. कमला विचारते, "बरी हाय का पाठ?" मी म्हणतो, आहे कशीबशी.

खरं म्हणजे पाठ केव्हाच बरी झाली आहे. एक पुटकुळी राहिलेली नाही. आणि खपल्या निघाल्यावर दिसलं की ती त्याच्या तोंडापेक्षाही गोरी आहे. म्हणून चंदन लावताना मी दार आतून लावून घेतो, आणि हे कमलाला अजून सांगितलेलं नाही.